सहल बंद, समुद्र चालूच

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या जमातीने एक ठराव केला. यापुढे मोहल्ल्यातल्या मुलांची कोणतीही सहल समुद्रावर किंवा खडपावर जाणार नाही, आणि मुलींची सहल गावाबाहेरच जाणार नाही. ठराव एकमताने झाला असं वहीत लिहिलं आहे. मी त्या बैठकीत होतो आणि मी हात वर केला नव्हता. तेव्हा ‘एकमत’ हा शब्द खोडावा, ही माझी पहिली मागणी.

ठरावामागचं कारण खोटं नाही. डिसेंबरात तरुण मंडळाने सहल काढली होती. गावच्या पुळणीपासून पलीकडच्या खाडीपर्यंत खडपावरून चालत जायचं, तिकडे जेवायचं, संध्याकाळी परत. चौतीस मुलं होती. परतताना नववीतला एक मुलगा हात धुवायला कातळाच्या कडेला उतरला, लाटेने त्याला उचललं आणि घळीत नेलं. जवळच गळ टाकून बसलेल्या एका कोळ्याने दोरी फेकली म्हणून तो आज जिवंत आहे. कालवांनी त्याची पोटरी सोलवटली, अकरा टाके पडले.

त्या सहलीच्या आयोजकांच्या यादीत माझं नाव तिसरं होतं.

आमची तयारी काय होती ते सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील. देग होती, बिर्याणीचा आचारी होता, बॅनर होता, स्पीकर होता, व्हॉट्सअॅप ग्रुप होता. दोरी नव्हती. लाइफ जॅकेट एकही नव्हतं. चौतिसांपैकी किती जणांना पोहता येतं हे कुणी विचारलं नव्हतं. भरतीची वेळ कुणी पाहिली नव्हती. निघायची वेळ बिर्याणी कधी तयार होईल त्यावर ठरली होती. मुलगा घळीत गेला तेव्हा भरती लागून दीड तास झाला होता आणि सकाळी ज्या वाटेने आम्ही कोरड्या पायाने आलो ती गुडघाभर पाण्यात होती.

बैठकीत एक बुजुर्ग म्हणाले, “ज्याची वेळ भरली तो घरात बसूनही जातो.” मग लगेच सहल बंदीचा ठराव त्यांनीच मांडला. चाचा, मी तुमचा आदर करतो, पण या दोन गोष्टी एका तोंडात मावत नाहीत. सगळं तकदीरवर असेल तर बंदी कशाला? आणि बंदीने जीव वाचत असेल, तर दोरीनेही वाचतो हे मान्य करा. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपल्याकडे दर दुसऱ्या बयानात ऐकवली जाते. आम्ही त्या दिवशी उंट बांधला नव्हता. जमातीने आता उंटच विकून टाकायचं ठरवलं आहे.

आणखी एक सांत्वन अशा वेळी पुढे येतं. बुडून गेलेला शहीद असतो. हे वाक्य ज्या आईचं मूल गेलं तिच्यासाठी आहे. तिला त्याचा आधार असतो आणि तो तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये. पण तेच वाक्य आयोजकाने म्हटलं की ते सबबीसारखं वाजतं. आमचा मुलगा वाचला, म्हणून ते म्हणायची वेळ आमच्यावर आली नाही. इतकंच.

मुरूडचं नाव बैठकीत निघालंच. निघणारच होतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातल्या एका महाविद्यालयाची शंभरावर मुलांची सहल मुरूडच्या किनाऱ्यावर आली होती. दुपारी मुलं पाण्यात उतरली आणि चौदा जण परत आले नाहीत. त्यांत मुली जास्त होत्या. बरीच नावं आपल्या घरांतली होती, हिंदू घरांतलीही होती. त्या आठवड्यात कोकणातल्या आणि पुण्यातल्या किती घरांत चूल पेटली नसेल हे मी वेगळं सांगायला नको.

पण मुरूडवरून आपण शिकलो काय? वर्तमानपत्रांत ‘अतिउत्साही तरुणाई’ आणि ‘सेल्फीचा मोह’ यांवर लेख आले. शाळा-कॉलेजांवर परिपत्रकांचा पाऊस पडला, आणि त्यांचा सूर एकच होता: समुद्राकडे नेऊ नका, नदीकडे नेऊ नका, डोंगरावर नेऊ नका. एक साधी गोष्ट मात्र फारशी कुणी बोललं नाही. पंचांग काढून बघा, त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती. चंद्र अर्धा होता. म्हणजे उधाण नव्हतं, भांग होती. समुद्र अमावस्या-पौर्णिमेलाच घात करतो असं समजून जो बाकीचे दिवस बिनधास्त असतो, त्याच्यासाठी ही तारीख पाठ करण्यासारखी आहे.

आता तिथीचा हिशेब. कोकणातले जुने लोक तिथीला तीनने गुणून चारने भागायचे, की भरती पूर्ण भरायची वेळ यायची. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. सहाला भरती पूर्ण म्हणजे दुपारी बारा-साडेबाराला ओहोटी संपली आणि तिथून पाणी चढायला लागलं. जागेगणिक थोडा फरक पडतो, पण घड्याळ नसलेल्या माणसाला एवढं पुरत होतं. हा हिशेब हिंदू पंचांगाचा आहे म्हणून आपला नाही असं कुणी समजू नये. आपल्या मशिदीच्या भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेलं आहे त्यातली चांदची तारीख तिथीपेक्षा एखाद-दोन दिवसांनीच वेगळी असते. चौदावा-पंधरावा चांद म्हणजे उधाण, सातवा-आठवा आणि एकविसावा-बाविसावा म्हणजे भांग. रमजानची सुरुवात आणि ईद यांच्यासाठी आपण चंद्रावरून भांडतो. तोच चंद्र समुद्र वर-खाली करतो, हे मात्र मुलांना सांगत नाही.

माझी दादी सांगायची. ती कालवं फोडायला जायची. हातात कोयती, कमरेला टोपली, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली. कोणत्या चांदाला खडप किती उघडं पडतं, कोणत्या कातळाच्या पुढे जायचं नाही, पाणी वळलं की आधी कोणती घळ भरते आणि परतीची वाट कुठे तुटते, हे तिला तोंडपाठ होतं. तिच्याबरोबर मोहल्ल्यातल्या पाच-सहा बायका असायच्या, आणि एक जण कायम समुद्राकडे तोंड करून बसायची. दादीला अक्षर येत नव्हतं. आमच्या आयोजन समितीत दोन इंजिनियर होते.

आपण कोण आहोत याचाही विसर पडला आहे. या किनाऱ्यावरचे दालदी पिढ्यान्पिढ्या मासेमारी करत आले. कोकणी मुसलमानांच्या घराघरांत कुणाचा आजा खलाशी, कुणाचा तांडेल, कुणाचा बाप जहाजावर. अरबस्तानापर्यंत ज्यांची गलबतं गेली त्यांच्या नातवंडांना आज पोहता येत नाही. ठरावाने ते येणार आहे का? उलट, आता जी मुलं जातील ती चोरून जातील. दोघे-चौघे, मोटरसायकलवरून, घरी न सांगता, जोडीला मोठं माणूस नसताना. आमच्या ढिसाळ सहलीत निदान कुणीतरी ओरडणारं होतं.

आणि मुली? मुलगा घळीत पडला आणि बंदी मुलींवर जास्त कडक आली. त्या दिवशी खडपावर एकही मुलगी नव्हती, त्यांची सहल आम्ही काढलीच नव्हती. तरी शिक्षा त्यांना. हे फक्त आमच्याच गावात होतं असं नाही. कुठेही अपघात झाला की पहिला दरवाजा मुलींचा बंद होतो, कारण तो बंद करायला सगळ्यांत कमी जोर लागतो. मुरूडला मुली जास्त गेल्या. त्यावरून निष्कर्ष मुलींना पोहायला शिकवा असा निघायला हवा होता. ओली ओढणी आणि पाणी भरलेली सलवार पाण्यात माणसाला खाली ओढते. ज्या पोरींनी आयुष्यात कमरेच्या वर पाणी पाहिलं नाही त्या पहिल्यांदा पाण्यात उतरणार सहलीच्या दिवशी, मैत्रिणींचे हात धरून. एकीचा पाय सुटला की साखळीच जाते.

जगात दुसरीकडे अशा वेळी काय करतात याचं एक उदाहरण मला माहीत आहे. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बेमध्ये प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलं कयाक घेऊन समुद्रात गेली होती. सोबत एक शिक्षक आणि साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक. वाऱ्याने त्यांना आत ढकललं, मदत पोचायला तास उलटले आणि चार मुलं गेली. त्या केंद्रातल्या आधीच्या प्रशिक्षकांनी तिथल्या हलगर्जीपणाबद्दल मालकाला आधीच पत्र लिहून सावध केलं होतं. १९९४ मध्ये खटला चालला, कंपनी मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरली आणि तिचा संचालक तुरुंगात गेला. १९९५ मध्ये कायदा आला: अठराच्या आतल्या मुलांना अशी साहसं विकणाऱ्याला परवाना हवा, आणि परवाना द्यायच्या आधी तपासणी. त्या देशाने मुलांना समुद्र बंद केला नाही. आई-बापांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही.

त्याच देशात, वेल्सच्या पेम्ब्रोकशायर किनाऱ्यावर, १९८० च्या दशकात एक खेळ नावारूपाला आला. कोस्टीअरिंग. कडा आणि समुद्र जिथे भेटतात त्या पट्ट्यावरून पुढे सरकत जायचं. कुठे चालायचं, कुठे कातळाला धरून आडवं चढायचं, मध्ये घळ आली तर पोहून ओलांडायची, जिथे खोली तपासली आहे तिथे उडी मारायची. तिकडे शाळेतल्या मुलांचे गट हे करतात. ऐकल्यावर मला हसू आलं. आमची पोरं हेच करतात, फक्त त्याला नाव नाही, डोक्यावर हेल्मेट नाही आणि अंगात जॅकेट नाही. हरिहरेश्वरच्या मंदिरामागची कातळावरची प्रदक्षिणेची वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. ओहोटीला ती वाट सुंदर असते. भरतीला तिथून माणसं वाहून गेली आहेत.

आता जमातीला माझा प्रस्ताव. बंदी उठवा, आणि अशी सहल नीट काढायचं काम आम्हाला द्या. नीट म्हणजे काय, ते बोलू.

सगळ्यांत आधी वेळ. पाणी उतरत असताना निघायचं आणि ओहोटी संपायच्या आत खडपावरून बाहेर. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. पाणी उतरत असलं की चुकलेल्या माणसाला समुद्र वेळ देतो, चढत असलं की मागून वाट काढून घेतो. पावसाळ्यात तर विषयच नाही. १ जून ते ३१ जुलै सरकारच मासेमारी बंद ठेवतं, आणि कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात लावत नाहीत. त्यानंतरही पाणी बसायला वेळ लागतो. आणि आकाश निळं आहे म्हणून समुद्र शांत आहे असं धरू नये. दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेलं वादळ इथे वारा नसताना उंच लाटा पाठवतं. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्याचे इशारे देते, फुकट, मोबाइलवर. ते बघायला आचारी ठरवण्याइतकाही वेळ लागत नाही.

मग वाट. ज्या दिवशी जायचं त्याच्या आदल्या दिवशी, पाण्याच्या त्याच पातळीला, दोन जाणत्यांनी ती पूर्ण चालून यायचं. कुठून वर निघता येतं त्या जागा हेरायच्या. जिथून वर निघता येत नाही असा पट्टा लांब असेल तर तो सोडून द्यायचा, मुलं कितीही हट्ट करोत. सहलीच्या दिवशी निघण्यापूर्वी वीसेक मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघायच्या. लहान लहान लाटांनंतर मोठ्यांचा एक घोळका येतो. ज्याने तीनच मिनिटं पाहिलं त्याला तो दिसतच नाही, आणि माणसं नेमकी त्यालाच सापडतात. आमच्या मुलाला सापडली ती तसलीच लाट होती. त्या आधी अर्धा तास तिथे पाय भिजत नव्हते.

माणसं किती? माझ्या मते आठ मुलांमागे एक प्रशिक्षित, आणि गट आठाचाच असला तरी मोठी माणसं दोन. एक पुढे, एक मागे. चौतीस मुलं एका रांगेत न्यायची कल्पनाच मूर्खपणाची होती. पाच गट, पाच वेगळे दिवस. मोठी जेवणावळ होणार नाही, बॅनरवर फोटो छापता येणार नाही, हे मला कळतं. (आमच्या मंडळात खरा विरोध यालाच होईल.) प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचं, छातीला घट्ट बसणारं जॅकेट. वरून खेचलं आणि कानांपर्यंत आलं तर ते जॅकेट बाद. पायात जुने बूट, कारण कालवं चपलेला मानत नाहीत. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिट्टी. पुढच्या माणसाकडे फेकायची दोरी. उडी मारायची असेल तर आधी मोठ्याने चष्मा लावून खाली जाऊन तळ बघून यायचं, दरवेळी, कालच पाहिला असला तरी. आणि बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आधी श्वास द्यायचा असतो. त्याला उलटं धरून पोटातलं पाणी काढत बसायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, ती जीव घेते. निदान चार जणांना हे हाताने करून यायला हवं.

जॅकेटवरून आठवलं. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी, दोन शिक्षिका. पुन्हा चौदा. तिथे लाट नव्हती, भरती नव्हती, नुसता तलाव होता. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि जॅकेट सगळ्यांच्या अंगात नव्हती. तेव्हा ‘समुद्र धोक्याचा’ हे उत्तर पुरत नाही.

मुलींच्या कपड्यांचा प्रश्न कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. कोस्टीअरिंगला घालतात तो वेटसूट मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकतो. डोक्यावर हेल्मेट असतं, त्याखाली टोपी चालते. वरून हवा तर सैल सदरा घाला. खेळांच्या दुनियेत यापेक्षा झाकलेला पोशाख मला तरी माहीत नाही. राहिला प्रश्न शिकवणाऱ्यांचा. मुलींचा गट असेल तर दोन्ही मोठी माणसं बाया असाव्यात. अशा बाया आपल्याकडे नाहीत, हे खरं. त्या बंदीने तयार होणार नाहीत. यंदा चार पोरींना पोहायला पाठवलं तर तीन वर्षांनी होतील.

पैशाचं म्हणाल तर जॅकेट, हेल्मेट, दोऱ्या एकदाच घ्यायच्या आहेत आणि पाच गावांनी मिळून घेतल्या तर एका लग्नाच्या शामियान्याचाही खर्च होत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा उपक्रमांची नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आहेत. आपण धंदा करत नसलो तरी त्या अटी आपल्यालाच लावून घ्यायला कुणी अडवलेलं नाही. आणि ज्याने दोरी फेकली तो कोळी? त्याला आम्ही मिठाईचा डबा दिला आणि विसरलो. त्याला मानधन देऊन वाटाड्या करायला हवं. या पाण्याबद्दल तो जेवढं जाणतो तेवढं आमच्या सगळ्या समितीला मिळून ठाऊक नाही.

एवढं करूनही धोका शून्य होणार नाही. असं कुणी सांगितलं तर त्याच्याबरोबर मूल पाठवू नका. पण आज आपण ज्याला सुरक्षित म्हणतो तो फक्त आपल्या नजरेआड झालेला धोका आहे. टाके काढल्यावर तो नववीतला मुलगा पुन्हा खडपावर दिसला, एकटाच. मी विचारलं तर म्हणाला, “मामू, सहल बंद झाली ना, म्हणून एकटा आलो.”

त्याच्या अब्बांना मी ते सांगितलं. ते ठरावाच्या बाजूने होते. काही बोलले नाहीत.

येत्या रविवारी असरच्या नमाजानंतर मदरशाच्या सभागृहात जमातीची बैठक आहे. ठराव पुन्हा चर्चेला घ्या असा अर्ज मी दिला आहे, त्यावर अकरा सह्या आहेत, त्यांतल्या चार आयांच्या. बायकांना बैठकीत बसायची सोय नाही, म्हणून त्यांची कागदावरची सही मोठ्याने वाचून दाखवावी असं मी सदरसाहेबांना कळवलं आहे. तो कोळीही येणार आहे. भरती-ओहोटीचं डिसेंबरपर्यंतचं कोष्टक मी आणतो. एक जॅकेट उसनं मिळालं आहे, तेही आणतो, ज्यांना घालून बघायचं असेल त्यांनी बघावं.